पाऊण इंची पाइपातला लाल ठिपका

देवमन पडघान यांनी आयुष्यात फुशारकी अशी एकदाच मारली, आणि ती नेमकी इतिवृत्तात लिहिली गेली.

चौतीस वर्षं पोस्टात पत्रं लावण्यात गेलेला हा माणूस. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी शेलूबाजार गाव त्यांना अजून पोस्टबाबूच म्हणतं. स्वभावानं गरीब, आवाज हळू, आणि चहात साखर कमी पडली तरी दुसऱ्याच्या घरी न बोलणारे. अशा माणसाच्या तोंडून अकरा सभासदांसमोर नको ते निघून जावं, याला त्या दिवशीचं ऊन कारणीभूत होतं की नरेंद्रभाऊंची सभ्यता, हे अजून ठरायचं आहे.

बैठक विहाराच्या समितीची होती. विषय वर्षावासाच्या समापनाचा. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं, आणि आश्विन पौर्णिमेला समापन होतं. त्या दिवशी भगवान बुद्धांची चारिका, म्हणजे ते पायी कुठून कुठे गेले ते, देवमनबाबू नकाशावर समजावून सांगतात. नकाशा त्यांनी स्वतः काढलेला. आठ फूट बाय सहा फूट मांजरपाट, त्यावर ऑइलपेंट, नद्या निळ्या आणि मुक्कामाच्या जागी तांबडे गोल. दोन वर्षं लागली होती. पोस्टातला माणूस असल्यामुळे गाव अर्धा इंचसुद्धा इकडेतिकडे झालेलं त्यांना खपत नसे. गाव चुकलं की पत्र मेलं, असं ते म्हणत.

अडचण एवढीच, की एवढा नकाशा टांगायला विहारात एकच भिंत आहे, मूर्तीच्या मागची. त्यामुळे श्रावस्ती नेमकी तथागतांच्या डोक्यावर येते. मूर्तीकडे पाठ करायची नाही, मूर्तीवरून काठी न्यायची नाही, आणि श्रावस्ती तर दाखवायची, कारण पंचवीस वर्षावास तिथले. बाबू आपले बाजूला उभे राहून, अंग तिरपं करून, पडद्याच्या लांब दांडीनं दाखवायचे. मागच्या वर्षी राजगृहाहून श्रावस्तीला जाताना दांडीचं टोक नकाशाच्या दोरीत अडकलं, आणि अख्खा उत्तर भारत खिळ्यासकट खाली आला. मूर्तीला काही झालं नाही. नकाशाखाली प्रमुख पाहुणे मात्र माइकसकट गेले, आणि आतून बराच वेळ "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं. यापुढे विहारात काठी वर नेऊ नये, असा ठराव त्याच आठवड्यात झाला.

यंदा समितीचे सचिव नरेंद्रभाऊ म्हणाले, की वाशीमहून प्राध्यापक संघदीप व्याख्यानाला येतच आहेत, त्यांच्याजवळ प्रोजेक्टर आहे, तेव्हा नकाशाचं तेच पाहतील, बाबूंनी आता आराम करावा. नरेंद्रभाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत आणि फार सभ्य बोलतात. शिवी दिलेली परवडते, पण निवृत्त माणसाला आराम करा म्हटलेलं लागतं. बाबूंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते म्हणाले, काठी नको तर नको, आपण लेझरनं दाखवू. नरेंद्रभाऊ म्हणाले, मग वाशीमहून घ्यावा लागंन.

"घ्याचा कायले?" बाबू म्हणाले. "मी बनवतो."

इतिवृत्तात आलं ते असं: 'श्री. देवमन पडघान हे लेझर स्वतः तयार करून आणतील. न जमल्यास नकाशाचा विषय प्रा. संघदीप घेतील.' पहिलं वाक्य बाबूंनी वाचलं तेव्हा त्यांना बरं वाटलं. दुसरं वाचल्यावर त्या रात्री भाकर गोड लागली नाही. हातात पाच आठवडे होते.

लेझरविषयी बाबूंना तेव्हा एकच गोष्ट माहीत होती, की तो लाल असतो. विजेच्या कामातला अनुभव म्हणाल तर त्यांनी एकदा घरची इस्त्री दुरुस्त केली होती. ती अजून चालते, फक्त प्लग हातानं दाबून धरावा लागतो. पण मोबाइलवर त्यांनी एक व्हिडिओ पाहिला, त्यात एका पोरानं जुन्या डीव्हीडी प्लेयरमधून लेझर काढून आठ मिनिटांत तयार केला होता. अशा व्हिडिओत तिसऱ्या आणि चौथ्या मिनिटाच्या मध्ये काहीतरी कापलेलं असतं, आणि माणसाचं आयुष्य नेमकं तिथेच जातं. हे बाबूंना सांगणारं कोणी नव्हतं.

डीव्हीडी प्लेयर घरात होता. मुलगी धम्मदीपाच्या लग्नाच्या वेळी घेतलेला, टीव्हीशेजारी क्रोशाच्या रुमालाखाली ठेवलेला. पत्नी भागिरथाबाई बचत गटाच्या बैठकीला गेल्या तशी बाबूंनी पेचकस घेतला. चौदा स्क्रू निघाले. आत दोन दांड्यांवर सरकणारं एक भिंग होतं, आणि त्याच्याखाली तुरीच्या दाण्यापेक्षा लहान असा तो डायोड. लेझरचा जीव तोच. बाबूंनी तो तळहातावर घेतला, खिडकीपाशी नेला, परत आणला, आणि एवढ्याशा गोष्टीचा त्यांना एवढा आनंद झाला, की भागिरथाबाई मानोऱ्याच्या नणंदेला घेऊन दारात उभ्या आहेत हे त्यांना दिसलंच नाही. नणंद धम्मदीपाच्या लग्नाची डीव्हीडी पाहायला आली होती.

भागिरथाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी उघडं पडलेलं खोकं उचलून जागेवर ठेवलं, त्यावर रुमाल नीट पसरला, आणि नणंदेला सांगितलं की आज विजेची लाइन कमी आहे. नणंद गेल्यावर त्या बाबूंसमोर आल्या.

"मशीन उघडली ना तुमी? आता बनवाच. नाही बनलं तं मले तोंड दाखवाले जागा नाही राहाची."

म्हणजे समितीपुढची गोष्ट आता घरातही आली. त्यानंतर चार दिवस त्या ताट वाढून समोर बसून राहायच्या, एक शब्द न बोलता. हा प्रकार ज्यानं भोगला आहे त्यालाच कळेल.

शेजारी मारोतराव राहतात. वीज कंपनीतून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. ज्या माणसानं आयुष्यभर अकरा हजार व्होल्टच्या तारांखाली जेवणाचा डबा खाल्ला, त्याला दोन पेन्सिल सेल दाखवणं हा एक प्रकारे अपमानच. त्यांनी सेलकडे पाहिलं, डायोडकडे पाहिलं, आणि एवढ्यात तर मच्छरही मरत नाही असं सांगून ते घरी गेले. परत आले ते मोटरसायकलची बॅटरी घेऊन. बाबूंच्या मनात शंका आली होती. पण चौतीस वर्षं वरून आलेली सूचना पाळायची सवय, आणि मारोतराव बोलतात असे की सूचना वरूनच आल्यासारखी वाटते.

वायर टेकवली आणि समोरच्या भिंतीवर ठिपका पडला. लालभडक, टोकदार, मोहरीएवढा. दोघेही खुर्चीतून उठले. एखादा सेकंद तो राहिला असेल. मग तिथे नुसता फिक्कट तांबडा डाग उरला, सरबत सांडून पुसल्यासारखा.

मारोतरावांनी निदान केलं की फोकस हलला. झालं, चार दिवस फोकस चालला. भिंग पुढे, भिंग मागे, भिंगाला टूथपेस्ट लावून घासणं, भागिरथाबाईंचा चष्मा मध्ये धरणं, तो त्यांनी मागताच परत देणं. गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस आत डोकावून सल्ला देऊन गेला. कोणी म्हणे रॉकेलनं धुवा, कोणी म्हणे दोन तास उन्हात ठेवा. एकानं, ज्याचा विजेशी संबंध फक्त बिलापुरता, सेल फ्रिजमध्ये ठेवून पाहायला सांगितलं. बाबूंनी तेही केलं. डाग कधी लांबट व्हायचा, कधी गोल वाटायचा. गोल वाटला की मारोतराव बाबूंच्या पाठीवर थाप मारायचे आणि घरातून चहा यायचा. तो चहा भागिरथाबाई मारोतरावांच्याच हातात द्यायच्या.

पाचव्या दिवशी बाबू डायोड काडेपेटीत घालून हायवेवरच्या रविकांतच्या दुकानात गेले. रविकांत टीव्ही-मिक्सर दुरुस्त करतो. जीप स्टँडला लागून दुकान. त्यानं डायोडला सेल लावून पाहिला.

"काका, हा मेला," तो म्हणाला.

"अरे, उजेड देऊन राह्यला ना तो."

"मेल्यावरही देते थोडासा. पर लेझर नाही राह्यला आता. याले जेवढा करंट द्यान तेवढा पेते अन् मरते. पुढं रेझिस्टर लावा लागते, त्याले आवराले."

बाबू स्टुलावर बसले. नोकरीत त्यांनी हजारो पाकिटांवर 'घेणारा मयत' असा शेरा मारून ती परत पाठवली होती, आणि घरात चार दिवस मेलेल्याचा फोकस करत बसले ते कळलं नाही. रविकांतला दया आली. तो म्हणाला, अर्ध्या तासात मीच बनवून देतो, काका, तुम्ही बसा.

इथे दुसरा कोणी असता तर हो म्हणाला असता. बाबू म्हणाले, नाही, इतिवृत्तात 'स्वतः' लिहिलं आहे. रविकांतला इतिवृत्त म्हणजे काय ते नीट कळलं नाही, पण माणूस कळला. दुकानाच्या मागे लोकांनी दुरुस्तीला टाकून परत न नेलेल्या डीव्हीडी प्लेयरची थप्पी होती. तिच्याकडे त्यानं बोट दाखवलं, कोपऱ्यात एक स्टूल दिलं आणि एक कैय्या, म्हणजे शिसं लावायची तापती सळई.

अकरा दिवस बाबू तिथे जाऊन बसले. पहिल्या दिवशी त्यांनी कैय्या चुकीच्या टोकाला धरला. तिसऱ्या दिवशी शिसं धरायला लागलं, पण जिथे हवं तिथे सोडून सगळीकडे. दुसरा डायोड त्यांच्या हातून पाय मोडून गेला. तिसरा नीट लागला, पण उजेडच नाही. बाबूंचा चेहरा पाहून रविकांतनं हातातला मिक्सर बाजूला ठेवला आणि येऊन पाहिलं, तर उलटा लावलेला. मरायच्या आत तो सुटला हे नशीब. मग बाबूंनी तो स्वतः सुलटा केला, पुढे सत्तावीस ओहमचा रेझिस्टर लावला, आणि प्रत्येक तार वहीत काढलेल्या आकृतीवर बोट ठेवून तीनतीनदा तपासली.

इकडे समितीत नवंच निघालं. एका सभासदानं हरकत घेतली की लेझर डोळ्यात गेला तर माणूस आंधळा होतो, तेव्हा सरकारी ना हरकत पाहिजे. बाबू म्हणाले, मी कोणाच्या डोळ्यावर मारणारच नाही, भिंतीवर मारणार आहे. पण हरकत ती हरकत. बाबू तालुक्याला एका कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनानं कपाट उपसलं. लाउडस्पीकरचा नमुना होता, मिरवणुकीचा होता, मंडपाचा होता, फटाक्यांचा होता. लेझरचा नव्हता. शेवटी लाउडस्पीकरच्याच अर्जावर खाडाखोड करून भरायचं ठरलं, आणि आवाजाच्या रकान्यात बाबूंनी वळणदार अक्षरात 'निःशब्द' असं लिहिलं. सोबत दोन फोटो जोडायचे, एक अर्जदाराचा आणि एक वस्तूचा, दोन्ही पांढऱ्या पार्श्वभूमीवर. वस्तू अजून पूर्ण व्हायची होती, म्हणून त्यांनी तिच्या सुट्या भागांचा फोटो काढला. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला कागद मिळाला: 'सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.' खाली सही आणि गोल शिक्का.

बाबूंनी तो कागद जड मनानं बैठकीत ठेवला. नरेंद्रभाऊंनी तो मोठ्यानं वाचला, मग सगळ्यांच्या हातून फिरवला. प्रत्येकानं शिक्का पाहिला. हरकत घेणारा सभासद म्हणाला, शिक्का आहे ना, मग झालं. गोल शिक्क्याची ताकद काय असते ते बाबूंना पोस्टात असल्यापासून माहीत होतं, पण ती आपल्याही कामी येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

वस्तूला अंग मारोतरावांनी दिलं. मोटरसायकलच्या बॅटरीचं त्यांना मनातून लागलं होतं, पण लाइनमन माणूस, चूक झाली असं तोंडानं म्हणणार नाही. त्यांनी वायरिंगचा पाऊण इंची पाइप आणून दिला, हातभर लांब, आणि दारावरच्या बेलचं एक नवंकोरं बटन. पाइपात सेल बसले, तोंडाशी डायोड आणि भिंग बसलं, आणि मधोमध ते चौकोनी पांढरं बटन, घंटीचं चित्र असलेलं. लांबून पाहणाऱ्याला सायकलचा पंप वाटावा. पण बटन दाबलं की समोर मोहरीएवढा ठिपका पडायचा, आणि तसाच राहायचा. फक्त पाइप जरा तिरपा झाला की विझायचा. बाबूंनी यावेळी कोणालाच विचारलं नाही. स्वतःच उघडलं, सेल सैल बसतात हे स्वतःच शोधलं, आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी घडी करून मागे कोंबली. त्या महिन्यात अशी पाकिटं घरात भरपूर होती.

आश्विन पौर्णिमेला संध्याकाळी विहार भरला. पुढे पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या, मागे बाकी गाव, दारात उभी माणसं. वंदना झाली. प्राध्यापक संघदीप स्टेजवर होते, त्यांची प्रोजेक्टरची बॅग पायाशी. नरेंद्रभाऊंनी सभ्यपणे बाबूंचं नाव पुकारलं आणि सभ्यपणेच म्हणाले, की काही अडचण आली तर प्राध्यापक आहेतच.

बाबू मूर्तीपासून दहा फूट बाजूला उभे राहिले आणि त्यांनी बटन दाबलं. ठिपका लुंबिनीवर पडला. सगळ्या विहारानं एकदम श्वास आत ओढल्याचं त्यांना ऐकू आलं. आणि त्याच क्षणी त्यांचा हात थरथरायला लागला.

घरच्या भिंतीवर तीन हात अंतरावर जे कळलं नव्हतं ते इथे दहा फुटांवर कळलं. बोटाला जरा कंप आला की ठिपका नेपाळातून निघून गंगेपलीकडे जायचा. दोनशे माणसांच्या माना त्याच्यामागे इकडून तिकडे. बाबूंनी दोन्ही हातांनी पाइप धरला, तर आणखी वाढलं. मागे कोणीतरी खुदकन हसलं. नरेंद्रभाऊ खुर्चीतून अर्धे उठले, प्राध्यापकांनी बॅगेकडे हात नेला, आणि बायकांच्या रांगेत भागिरथाबाईंनी मान खाली घातली. आपलं संपलं असं बाबूंना वाटलं. नकाशा गेला, आणि आता खरंच आराम.

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीला इतिवृत्त, ठराव यांतलं काही ठाऊक नव्हतं. तिनं बसल्या जागेवरून सरळ विचारलं, "बाबू, थो ठिपका कायले हालून राह्यला?"

बाबूंनी ठिपक्याकडे पाहिलं. मग म्हातारीकडे.

"माय, पायी चालत होते ते," ते म्हणाले. "पंचेचाळीस वर्सं. चालणारा मानूस हालणारच ना."

कोणी हसलं नाही. नरेंद्रभाऊ खाली बसले. बाबूंनी पाइप घट्ट धरायचं सोडून दिलं, आणि गंमत म्हणजे तेव्हापासून ठिपका शहाण्यासारखा चालायला लागला. थोडा हलत, थोडा थांबत, नदीपाशी जरा घुटमळत. कपिलवस्तूहून निघाला, गयेला पिंपळाखाली बसला, सारनाथला गेला. वैशालीला आला तेव्हा पुढच्या म्हाताऱ्या ठिपक्याबरोबर ओठ हलवत गावांची नावं घेत होत्या. श्रावस्तीला तो मूर्तीच्या बरोबर डोक्यावर जाऊन थांबला, आणि बाबू पंचवीस वर्षावासांचं अगदी सावकाश बोलले, कारण पहिल्यांदाच त्यांना तिथे अंग तिरपं करावं लागत नव्हतं. पुढे कुशीनगर, महापरिनिर्वाणाचं गाव. तिथल्या तांबड्या गोलावर ठिपका आला. बाबू बोलायचे थांबले. त्यांनी बटनावरचं बोट हळूच उचललं आणि ठिपका विझला.

मग पुढच्या रांगेतून सुरू झालं, साधु, साधु, साधु, आणि ते मागे दारापर्यंत गेलं. बाबूंचे डोळे भरून आले होते. त्यांना अभिमान वाटत होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. चौतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं पोचवली, आज स्वतःचं काहीतरी पोचलं असं त्यांना वाटलं. भागिरथाबाई मान वर करून शेजारणीला सांगत होत्या की सगळं ह्यायनंच केलं, दुसऱ्याच्या हाताचा टाका नाही त्यात.

खीर वाटणं सुरू झाल्यावर प्राध्यापक संघदीप बाबूंजवळ आले. त्यांनी पाइप मागून घेतला, उलटासुलटा केला, घंटीचं बटन दाबून भिंतीवर ठिपका पाहिला, आणि कुठून घेतला ते विचारलं. बाबू म्हणाले, घेतला नाही, बनवला. मग त्यांनी बॅगेतून स्वतःचा लेझर काढला. काळा, गुळगुळीत, चार बटनांचा, बाहेरच्या देशातला.

"बाबूजी, हा दोन महिने झाले लागतच नाही. प्रोजेक्टर आणतो, पण बोटानं दाखवावं लागते. जरा पाहून द्याल का?"

देवमन पडघान यांनी खिरीची वाटी खाली ठेवली. हात धोतराला पुसले. लेझर हातात घेऊन कानापाशी हलवला, तोंडाशी धरून आत फुंकर मारली, आणि कपाळाला आठी घालून काही वेळ नुसते त्याच्याकडे पाहत राहिले. आजूबाजूला पाच-सात माणसं जमली होती, त्यांत नरेंद्रभाऊही होते.

"ठेवून जा," बाबू म्हणाले. "बुधवारी या."